एक जण कमी पडतंय

महबूल्यात आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कुणी नवा माणूस दिसला, की सिस्टर आधी त्याच्या पायांकडे बघत. मग गुडघ्यांकडे. चेहरा सगळ्यात शेवटी. आणि मजला यायच्या आत विचारून मोकळ्या होत, "गुरुवारी संध्याकाळी काय करता?"

आता परमुलुखात, तेही कुवेतमध्ये, साठीला टेकलेल्या उंच, दणकट बाईनं अनोळखी पुरुषाला असं विचारलं, तर त्याची काय गत होत असेल? एक सुदानी गृहस्थ घाबरून आपला मजला यायच्या आधीच उतरून गेले होते. सिस्टरांना त्याचं काही नाही. मला म्हणाल्या, "पाय चांगले होते गं त्याचे. वाया जाऊन राहिले."

जे पळून जात नसत, त्यांना पुढचं वाक्य ऐकायला मिळे. मराठी माणसाला मराठीत, मल्याळी माणसाला नागपुरी हिंदीत, फिलिपिनो नर्सला इंग्रजीत, पण वाक्य तेच: "आम्हाला एक जण कमी पडतंय."

कशाला कमी पडतंय, तर स्कॉटलंडच्या लोकांच्या नाचाला.

मी आठवी शिकलेली बाई. गुहागरकडची. स्कॉटलंड हा देश आहे की गाव, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझा नवरा मीना अल-अहमदीला एका ठेकेदाराकडे पाइप फिटिंगचं काम बघतो. आमची आधीची जागा अचानक सोडावी लागली, तेव्हा सिस्टरांनी त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली आम्हाला दिली. ओळख ना पाळख. आमचं सामान दारात बघून त्या एवढंच म्हणाल्या, "चपला तिकडे. उजवीकडचा गॅस माझा." मी भीतभीत 'मावशी' म्हटलं, तर थांबल्या. "मावशी वर्ध्याला. इथे सिस्टर." एका मोठ्या हॉस्पिटलात त्या अतिदक्षता विभागाच्या मुख्य नर्स होत्या. निवृत्त होऊन आता पुन्हा वर्ध्याला गेल्यात, पण मी मनात अजून त्यांना सिस्टरच म्हणते.

मी जात्याच भित्री. दाराची बेल वाजली तरी मला वाटायचं, आपल्या अकाम्यात, म्हणजे इथे राहायच्या परवान्यात, काहीतरी खोट निघाली, चला आता परत. सिस्टर म्हणत, "बेल आहे ती. उघड आणि पाह्य." एवढंच. समजूत काढणं त्यांना जमत नसे. त्या काम देत.

गुरुवारच्या नाचाची तयारी त्यांची बुधवारी ओट्यावर सुरू होई. हळद, तिखट, मीठ आणि मसाला अशा चार बरण्या एका ओळीत. हे पुरुष. समोर चार लिंबं. या बायका. चार जोड्यांचा एक संच, त्याला त्या 'सेट' म्हणत. मग इंग्रजी कागद वाचत वाचत त्या बरण्या आणि लिंबं फिरवायला लागत. पहिलं लिंबू दुसऱ्या बरणीला वळसा घालून खाली जाई, तिखट मिठाच्या जागी येई, सगळी मिळून गोल करीत, आणि शेजारच्या शेगडीवर वरण लागे. एकदा माझ्या नवऱ्यानं पोह्यांवर पिळायला त्यातलं एक लिंबू उचललं. सिस्टर किंचाळल्या, "अहो भाऊ! तिसरी बाई नेली न तुम्ही!"

नवरा खोलीत येऊन मला हळूच म्हणाला, "बाई चांगली आहे, पण तिचं काहीतरी असणार बघ. कोणीतरी स्कॉटिश डॉक्टर. त्याशिवाय माणूस एवढं करत नाही."

मलाही तेच वाटायचं. वर्ध्याची बाई, घरात वरण-भात, देव्हाऱ्यात गजानन महाराज, आणि गुरुवारी काळे मऊ चामड्याचे बूट घोट्याला बांधून परक्यांच्या देशाचा नाच! का? हॉस्पिटलमधली एक फिलिपिनो नर्स या नाचाला यायची, बारकीशी, पाखरागत. तिला विचारलं तर ती म्हणाली, वजन उतरावं म्हणून. पण सिस्टरांचं वजन काही उतरत नव्हतं. खाली बकाल्यात बसणारा मल्याळी चेट्टन, म्हणजे आमचा वाणी, त्यालाही त्यांनी ओढून नेलं होतं. त्याचं म्हणणं, "ये नर्स लोग को ऑर्डर देने का आदत है. उधर आठ आदमी एक साथ सुनता है." थेट सिस्टरांना विचारलं की दर वेळी नवं उत्तर. "संधिवात होऊ नाही म्हणून." नाहीतर, "तिथला एसी चांगला आहे."

चेट्टनला त्यांनी कसं नेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तो म्हणाला, "सिस्टर, मेरा घुटना—नी—प्रॉब्लेम है." सिस्टरांनी काउंटरच्या आत जाऊन त्याला स्टुलावर बसवला, गुडघा धरून वाकवला, सरळ केला. गिऱ्हाइकं बघतायत. "कुछ नहीं हुआ इसको. बैठ बैठ के रुसला है. गुरुवार को आओ, हमको एक आदमी कम पड़ रहा है." तो गेला. पुढच्या गुरुवारी मीही गेले. कारण मला नाही म्हणताच आलं नाही. जिच्या घरात राहतो तिला नाही कसं म्हणायचं?

तिथे जाऊन मोजलं तर माणसं पुरेशी होती. एक जास्तच झाली होती. मी येताना गाडीत म्हटलं, "सिस्टर, कमी कुठे पडत होतं?" त्यांनी आरशात मागची गाडी बघितल्यासारखं केलं.

अहमदीत एका क्लबचा हॉल होता. लाकडी जमीन, जाड पडदे. आठवडाभर तेलात-वायूत राबणारी, सुया टोचणारी, शाळेत शिकवणारी माणसं तिथे येऊन समोरासमोर ओळीत उभी राहत. सगळ्यांच्या वर होत्या मॅडम. या खऱ्याखुऱ्या स्कॉटलंडच्या. पांढरे केस, फूटपट्टीसारख्या ताठ, जन्म इथल्या शाळेत शिकवण्यात गेलेला. गट त्यांनी चालवलेला. सिस्टर घरात कुणाच्या बापाचं ऐकत नसत, पण मॅडमनी भुवई उचलली की यांचा पाय आपोआप जुळे. "मॅडमनी सांगितलं" म्हटलं की विषय संपला.

मला डावं-उजवं कळत नसे. घाबरलं की मुळीच नाही. मॅडम इंग्रजीत 'राइट हँड' म्हणत आणि मी डावा पुढे करी. सिस्टर माझ्या मागून जाता जाता पुटपुटत, "जेवता हात, जेवता हात." तेव्हापासून चुकले नाही. आणखी एक त्यांचं होतं, "हात द्यायचा, धरायचा नाही. ऑक्सिजनची नळी आहे काय ती?" आणि सगळ्यात मोठं: "चुकली तर चुकली. थांबायचं नाही. पुढच्या ठेक्याला आपल्या जागेवर हजर." हे त्या नाचाबद्दल बोलत की वॉर्डाबद्दल, मला कधी कळलं नाही.

मग मॅडमचं जायचं ठरलं. उन्हाळ्यात कायमच्या घरी. एका गुरुवारी चहा पिताना त्यांनी सांगितलं, की गट आपल्याबरोबरच बंद करावा असं त्यांना वाटतं. हल्ली येणाऱ्यांना नीट येत नाही. वाईट रीतीनं चालण्यापेक्षा मानानं संपलेलं बरं. असं त्या सभ्यपणे म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्याकडे आणि चेट्टनकडे. आम्हाला माना वर करायची सोय नव्हती.

सिस्टर पहिल्यांदाच मॅडमपुढे बोलल्या. "नका बंद करू. मी चालवीन."

मॅडमनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, वर्षाचा मेळावा, 'सोशल', येतोय, पाहुणे येतील. नाच पुकारायचं, म्हणजे पुढची चाल माइकवर सांगायचं, काम या वेळी तू कर. ते बघून ठरवते.

झालं. त्या दिवसापासून फ्लॅटमध्ये आमटीला फोडणी बसली नाही, कारण बरण्या सतत कामावर. सिस्टर वॉशिंग मशीनसमोर उभ्या राहून नाच पुकारायची प्रॅक्टिस करत. एरवी अतिदक्षता विभागात कुणाचा श्वास अडकला तरी ज्यांचा आवाज चढत नाही, त्या सिस्टर नाश्त्याला सांडशी मायक्रोफोनसारखी तोंडापुढे धरत आणि पहिल्याच ओळीत अडखळत. मी म्हटलं, "सिस्टर, मी नको येऊ. माझ्यामुळे बिघडलं तर?"

"काहून बिघडेल?"

"मला येत नाही नीट."

"मग तुझ्यावाचून कोण आहे? सेट पुरा होत नाही न बाप्पा."

सोशल शुक्रवारी दुपारी होती, ऊन तिरकं झाल्यावर. सगळ्यांनी आपापलं ताट आणलं होतं. मॅडमची लोण्याची बिस्किटं, इजिप्शियन फार्मासिस्टची बसबुसा, म्हणजे रव्याची गोड वडी, सिस्टरांचे साबुदाणावडे, माझ्या खोबऱ्याच्या वड्या. प्यायला चहा आणि लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, बाटल्या. फार्मासिस्ट गाणी वाजवायच्या यंत्रापाशी होता. पाहुण्यांत चार-सहा पुरुष किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा चुण्यांचा घागरा, घालून आलेले. मी घरी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते, त्यामुळे माझी नजर पहिली त्या किल्टवरच. केवढं कापड! आपल्या निऱ्या पुढे, यांच्या मागे. आणि बसताना काय निगुतीनं सावरून बसतात! मी इतकी बघत राहिले की सिस्टर येऊन म्हणाल्या, "तोंड मिट. कपडा आहे तो."

त्या नाचात नाही म्हणायची पद्धत नाही. कुणी येऊन हात पुढे केला की उठायचं. बायकांनीही विचारायला हरकत नाही. तर तिसऱ्याच नाचाला माझ्यापुढे एक आजोबा येऊन लवले. रिफायनरीचे जुने सल्लागार, मॅडमचे जुने स्नेही, पिकलेल्या दाढीचे, किल्टवाले. मला उठावंच लागलं. त्यांच्या छातीत मागल्या वर्षी स्प्रिंग बसवलेली, हे मला ठाऊक होतं, कारण तेव्हा सिस्टरांच्याच वॉर्डात होते ते.

सुरुवात बरी झाली. सिस्टर मायक्रोफोनवरून पुकारत होत्या, आवाज स्वच्छ, एकही अडखळ नाही. मॅडम खुर्चीत बसून बघत होत्या. जेवता हात, दुसरा हात, मधून खाली, परत वर. मग आली दोन्ही हातांची गिरकी. समोरच्याचे दोन्ही हात हलके धरून, सरळ उभं राहून, हळूच एक गोल फिरायचं. बस्स. किती तरी वेळा केलेलं. पण मॅडमची नजर माझ्यावर आली, आणि माझं डोकं रिकामं झालं. डोकं रिकामं झालं, पण हात रिकामे नव्हते. दोन हात समोर आले की काय करायचं, हे माझ्या हातांना गौरीच्या दिवसांतल्या रात्रींनी शिकवून ठेवलेलं. हातांची अढी पडली. पायाला पाय भिडला. अंग मागे गेलं. आणि मी त्या आजोबांना घेऊन फुगडी घातली.

साधीसुधी नाही. आमच्याकडची, गरगरती.

आजोबांच्या तोंडून "ओहो" की "ओ नो" काहीतरी निघालं. किल्टचा घेर छत्रीसारखा उघडला. बाजूचे लोक भिंतीला लागले. मला कळत होतं की हे चुकतंय, पण फुगडी मध्येच सोडता येत नाही हो! सोडली तर दोघं दोन टोकांना. मी डोळे मिटून आजोबांचे हात घट्ट धरून ठेवले.

मॅडम ताडकन उठल्या आणि टाळी वाजवून फार्मासिस्टला ओरडल्या, "बंद कर!" त्याचा हात बटणाकडे गेला.

आणि मायक्रोफोनमधून सिस्टरांचा आवाज आला, "नाही. चालू राहू दे."

सगळा हॉल ऐकत होता. मॅडमच्या शब्दाला सिस्टरांनी 'नाही' म्हटलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. फार्मासिस्टचा हात तसाच हवेत. संगीत चाललेलंच. सिस्टर पुढची चाल पुकारायला लागल्या, जणू काही झालंच नाही. मी फुगडी आवरती घेतली, भिंती फिरत होत्या, पण पाय जागेवर आले. आजोबाही आले. नाच पुरा झाला. लवून नमस्कार केला आणि मी सरळ हॉलमागच्या चहाच्या खोलीत जाऊन फ्रिजच्या आडोशाला उभी राहिले.

मला एकच दिसत होतं. या बाईनं आसरा दिला, आणि तिची एक इच्छा होती तीच मी मोडली. आता खोली जाणार. जावीच.

मधल्या सुट्टीत सिस्टर आत आल्या. हातात कप.

"इथे काय करून राहिली?"

"सिस्टर, आम्ही खोली कधी सोडायची?"

"कोणती खोली?" त्यांना खरंच कळेना. कळल्यावर त्यांनी कप ठेवला. "बावळट आहेस काय तू?"

"मॅडम आता बंद करतील ना."

"करतील तर करतील."

"आजोबांना काही झालं असतं तर?"

"मी पाहत होती न त्याच्या चेहऱ्याकडे. ओठांचा रंग पाहिला, कपाळ पाहिलं. चांगला लालबुंद होता. वॉर्डात आला तेव्हापासून इतका चांगला रंग नव्हता त्याचा." मग त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. "फुगडी होती न ती?"

मी मान हलवली.

"मला कधी कोणी घेतलं नाही फुगडीला."

मी वर बघितलं. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. "शाळेत मी सगळ्यांपेक्षा उंच, अशीच जाडजूड. पोरी म्हणायच्या, नको गं बाई, ही फेकून देईल. मी सगळ्यांच्या ओढण्या सांभाळत उभी राहायची. चांगल्या सांभाळायची हो, एक हरवली नाही. इथे आली तर हॉस्टेलात आमच्या स्कॉटिश मेट्रननं या नाचासाठी दार ठोकलं. म्हणे चल खाली, आम्हाला एक जण कमी पडतंय. मी म्हटलं मला येत नाही. ती म्हणे येण्या-न येण्याचं कोणी विचारलं, तू नाही आलीस तर बाकीच्यांना नाचता येत नाही." त्या हसल्या. "मला असं कोणी म्हटलं नव्हतं बाप्पा. त्यानंतरही कोणी नाही."

माझ्या नवऱ्याचा स्कॉटिश डॉक्टर तिथेच विरघळून गेला. मी काही बोलणार, तेवढ्यात दारात आजोबा आले. दाढी पुसत, धापा टाकत, हसत. त्यांना आपल्या हातांची ती अढी पुन्हा बघायची होती, कशी पडते ती. सिस्टरांनी आधी त्यांची नाडी बघितली, मगच मला म्हणाल्या, "दाखव."

बाहेर मॅडम एकट्याच खुर्चीत बसल्या होत्या. आजोबा त्यांच्याशेजारी जाऊन बसले. दोघं बराच वेळ बोलले. काय बोलले ते कळायला मार्ग नव्हता, पण आजोबा मध्येच हवेत हातांची अढी घालून दाखवत होते, आणि मॅडम बघायचं नाही असं ठरवल्यासारख्या बघत होत्या.

बाकीचे नाच झाले. पडद्याच्या फटीतून येणारं ऊन तांबूस झालं. सिस्टरांनी शेवटचा नाच पुकारला.

सेटमध्ये वरची जागा म्हणजे संगीताजवळची. तिथली जोडी सुरुवात करते, बाकीचे तिच्याकडे बघून चालतात. शेवटच्या नाचाला ती जागा मॅडमची. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण दुसरं कुणी तिथे उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही सवयीनं ती जागा सोडून खाली उभे राहिलो. मॅडम आजोबांचा हात धरून आल्या. वरच्या जागेपाशी थांबल्या नाहीत. आमच्या ओळींच्या मधून चालत गेल्या आणि अगदी तळाला, नवशिक्यांच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.



तळातूनच त्या खणखणीत म्हणाल्या, "सिस्टर, वर जो उभा राहील त्याला येत्या गुरुवारीही यावं लागेल. आणि त्याच्या पुढच्याही. मी नसेन तेव्हाही."

सिस्टरांनी मायक्रोफोन बंद केला. तो कुठे ठेवायचा हे त्यांना सुचेना, फार्मासिस्टनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मग त्या चालत आल्या आणि वरच्या जागेवर उभ्या राहिल्या. तेवढी मोठी बाई, पण हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं त्यांना. समोरची जागा मोकळी. जगाला नाचायला बोलावणाऱ्या या बाईनं स्वतःसाठी कधी कुणाला विचारलेलं नव्हतं, आणि आत्ताही त्या नुसत्या आमच्या पायांकडे बघत होत्या.

मी निघाले. त्याच वेळी समोरच्या ओळीतून चेट्टन निघाला, आणि खालून ती बारकी फिलिपिनो नर्स पळत सुटली. आम्ही तिघं मधोमध एकमेकांवर आदळलो. चेट्टन "सॉरी सॉरी" म्हणेपर्यंत ती पोरगी त्याच्या कोपराखालून निसटली आणि सिस्टरांसमोर जाऊन उभी राहिली. सिस्टरांच्या खांद्याला जेमतेम पोचेल एवढी. मान वर करून तिनं दोन्ही हात पुढे केले.

पहिला सूर लागला. आम्ही सगळे लवलो, तळाला मॅडमही लवल्या. सिस्टर मात्र तशाच ताठ उभ्या, आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत. पहिला ठेका निघून गेला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या उशिरा निघाल्या.